शेपटाच्या आतली कोरल

३ मार्च १९८६, सोमवार

सकाळी भांडी विसळत होते तेव्हा फोन वाजला. आवाज ओळखीचा नव्हता.

"मिसेस हॉकिंग? लग्नाआधीच्या थेल्मा ब्रॅडी? महायुद्धाच्या दिवसांत ब्यूफोर्ट विमानांच्या शेपट्या जोडायच्या, त्याच का तुम्ही?"

हातातल्या बशीतून पाणी गळून पायावर पडत होतं आणि मला ते कळत नव्हतं. चाळीस-बेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या नवऱ्याने, स्टॅननेसुद्धा नाही. मी विमानांच्या कारखान्यात काय करायचे हे त्याला ठाऊक होतं, पण विचारणं वेगळं.

माणसाचं नाव ग्रॅहम पेटिंगिल. बॅकस मार्शला त्याची सफरचंदाची बाग आहे. न्यू गिनीच्या दलदलीतून त्याने एका ब्यूफोर्टचा सांगाडा आणला आहे आणि बागेतल्या शेडमध्ये तो पुन्हा उभा करतोय. त्याच्याकडे विमानाचे नकाशे आहेत, पत्रा आहे, पत्र्यात रिवेट, म्हणजे जोडखिळे, ठोकायच्या हवेच्या बंदुका आहेत. "नकाशात सगळं दिलंय," तो म्हणाला, "फक्त हात कसा धरायचा तेवढं दिलेलं नाही."

मी म्हटलं, मी पासष्ट वर्षांची आहे, माझे गुडघे कामातून गेलेत आणि शनिवारी मला केस करून घ्यायला जायचं असतं.

"मग केस शुक्रवारी करा," तो म्हणाला.

ही वही ज्युडिथने नाताळात दिली. 'आई, मनातलं लिहीत जा, मोकळं वाटतं.' स्टॅन गेल्यापासून पोरगी मला आजारी समजते. दोन महिने वही कोरी होती. आज लिहावंसं वाटलं.

८ मार्च, शनिवार

केस शुक्रवारीच केले.

ग्रॅहम स्वतः न्यायला आला. पंचेचाळीसचा असेल, हात शेतकऱ्याचे, बोलणं शाळामास्तरासारखं. शेडमध्ये अजून एक मदतनीस होता, नॉर्म. बस चालवून निवृत्त झालाय, पोट एवढं की बेंबीखालचं जग त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं. त्याने मला खुर्ची दिली. मी बसले नाही.

तेलाच्या पिंपांवर शेपूट आडवं ठेवलं होतं. हिरवा रंग जागोजाग शिल्लक, सांध्यांतून झाडांची मुळं वाळून लोंबतायत. शेपूट अजून दोन तुकड्यांत. मला वाटलं होतं, बघून रडू येईल. रडू आलं नाही. मी सरळ जाऊन पत्र्यावर तळहात फिरवला, घोड्याच्या पाठीवर फिरवावा तसा. रिवेटांची रांग बोटांखालून सरकली आणि मी म्हटलं, "ही जोडी चांगली होती. घाई नाही केलेली."

"जोडी?" ग्रॅहमने विचारलं.

"एक बाहेर, एक आत. बाहेरची बंदूक धरते, आतली लोखंडी ठोकळा. बाहेरून बंदूक रिवेटला ठोकते, आतून ठोकळा तिला अडवतो, तेव्हा कुठे आतलं टोक चेपून बटणासारखं होतं. दोघी एकमेकींना दिसत नाहीत. मध्ये पत्रा."

तेलाचा तो वास आला आणि एकदम सगळं आलं. यारा नदीवरून येणारा सकाळचा गार वारा, डोक्याला रुमाल बांधलेल्या तीनशे बायका, जेवणाच्या सुट्टीत मटण भरलेली पेस्ट्री खाता खाता ओठांना लिपस्टिक लावायची घाई, कारण पलीकडच्या शेडमधली पोरं गेटावरून जायची. रिवेट मऊ राहाव्यात म्हणून त्या बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या असत. त्याच पेटीत आम्ही लिंबाचं सरबत गार करायचो. आणि तयार झालेलं विमान पहिल्यांदा डोक्यावरून जायचं तेव्हा मुकादम मिस्टर पर्व्हिससुद्धा आमच्यावर ओरडायचे नाहीत. सगळ्या जणी अंगणात, माना वर. कुणीतरी म्हणायचं, "ती बघा, माझी शेपटी चालली." प्रत्येकीला ती आपलीच वाटायची.

नॉर्मने बॅटरी लावून शेपटाच्या आत दाखवलं. पत्र्यावर पेन्सिलीने लिहिलेलं अजून वाचता येतं: 'डॉट. शुक्रवार. पायांचे तुकडे पडले.' मी इतकी हसले की नॉर्मने पुन्हा खुर्ची पुढे केली. डॉट मॅकार्डल! आमच्याच गल्लीत राहायची. लढाईत गेलेल्या बॉम्बफेक्या विमानाच्या पोटात तिचे पाय दुखतायत अजून.

११ मार्च, मंगळवार

रॉयची पत्रं काढली. आईच्या पत्र्याच्या डब्यात होती. सात.

माझा भाऊ ब्यूफोर्टवर होता. चौघांतला एक, मागच्या काचेच्या घुमटात मशीनगन घेऊन बसणारा. पहिलं वर्षभर ते किनाऱ्यावरच होते. 'थेल, आम्ही दिवसभर जहाजांच्या ताफ्यावर मेंढ्यांच्या कुत्र्यासारख्या घिरट्या घालतो. पाणबुडी आम्हांला बघून खाली दबून राहते, म्हणून आम्हांला कधी काही दिसत नाही आणि बंदरावर लोक विचारतात, तुम्ही करता तरी काय.' मग वर बेटांवर गेले. रात्री समुद्राला टेकून उडायचं आणि जपानी जहाजांवर टॉर्पेडो सोडायचे. त्याबद्दल त्याने एकच ओळ लिहिली आहे: 'पाणी फार जवळून दिसतं.'

डबा बंद केला. आत्ता नको.

१५ मार्च, शनिवार

आज शिकवणी. एका लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून सराव. ग्रॅहमला आमची भाषा सांगितली. आतली मुलगी ठोकळ्याने पत्र्यावर टकटक करायची. एकदा म्हणजे अजून थोडं ठोक. दोनदा म्हणजे झाली, पुढची घे. तीनदा म्हणजे बिघडली, भोक पाडून काढून टाक.

"आणि बाहेरची काय सांगायची?"

"बाहेरची ऐकायची," मी म्हटलं.

नॉर्म म्हणाला, "माझ्या बायकोला हे शिकवायला हवं होतं."

"तुमची बायको आत होती की बाहेर?"

"बाहेर. बंदुकीसकट."

ग्रॅहमने विचारलं, तुमची जोडीदार कोण होती, अजून आहे का, तिलाही बोलवू. मी म्हटलं, होती एक मुलगी. कुठे असते कुणास ठाऊक.

हे खोटं आहे. बॅलरॅटला असते. दर नाताळात तिचं कार्ड येतं. 'कोरल', एवढंच लिहिलेलं. मीही पाठवते. 'थेल्मा', एवढंच. बेचाळीस कार्डं.

१८ मार्च, मंगळवार

मनातलं लिहायची वही आहे तर लिहून टाकते.

कोरल फिनी चिमणीएवढी होती, म्हणून तिला आत पाठवायचे. शेपटाच्या टोकापर्यंत सरपटत जायची, पाय आधी. दोन वर्षं आम्ही जोडी होतो. मी तिच्या चेहऱ्यापेक्षा तिची टकटक जास्त ओळखायचे. खुशीत असली की दोनदाची टकटक नाचरी यायची. डान्सला आम्ही एकमेकींचे बूट घालून जायचो; तिचे मला व्हायचे नाहीत, पण मी ते घालायचेच.

त्रेचाळीसच्या डिसेंबरात, नऊ तारखेला, संध्याकाळी तार आली. रॉय बेपत्ता. विमान परतलं नाही. आई तार वाचून म्हणाली, "बेपत्ता म्हणजे सापडेल." आणि त्या रात्रीपासून तिने घरात नियम केला, रॉयबद्दल 'होता' म्हणायचं नाही. मग आम्ही काहीच म्हणेनासे झालो. एक्कावन्न सालापर्यंत त्याचं ताट मांडत होती.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. कुणाला सांगितलं नाही. घरी बसून आईकडे बघत राहण्यापेक्षा ते बरं. त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. बंदूक आठवते. कोरलची टकटक आठवत नाही, कारण ती आलीच नाही. सुट्टीआधी मिस्टर पर्व्हिस तपासायला आले आणि पत्र्यावर अंगठा फिरवून गप्प झाले. शेहेचाळीस रिवेट वाया. आतली टोकं चेपून पैशासारखी सपाट झालेली, कडांना तडे, आणि बाहेर पत्र्यावर बंदुकीच्या नखासारख्या खुणा. कोरल आतून बाहेर आली, केसांत पत्र्याचा कीस, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी चूक. मला डुलकी लागली."

डुलकी! आदल्या रात्री डान्सला गेली होती ना. माझा भाऊ समुद्रात गेला आणि ही माझ्या पाठीशी असायच्या जागी झोपली. तिला जोडणीवरून काढून झाडलोटीला लावलं. महिन्याभरात ती मावशीकडे बॅलरॅटला निघून गेली. जाताना फाटकाशी थांबली होती. मी दुसऱ्या फाटकाने गेले.

मी तिला केव्हाच माफ केलं आहे. राग नाही. पण बोलावण्याइतकंही काही नाही.

२२ मार्च, शनिवार

अडचण. शेपटाचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे आत कुणीच मावत नाही. ग्रॅहमचे खांदे अडकले. नॉर्म नुसता जवळ गेला तरी शेपूट हललं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"गुडघे," मी म्हटलं.

ग्रॅहम म्हणाला, "गुडघ्यांखाली मेंढीची कातडी घालू."

गेले आत. पाय आधी, कोरल जायची तसंच. कानांत कापूस कोंबला. मी आयुष्यभर बाहेर उभी राहिलेली बाई, मला आतलं काही ठाऊकच नव्हतं. पत्रा नाकापासून वीतभर. हवा नाही. आणि ग्रॅहमने बंदूक सुरू केली तेव्हा वाटलं, कुणीतरी मला घंटेत घालून घंटा बडवतंय. दात हलले. ठोकळा दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरावा लागतो, नाहीतर तो गाढवासारखा लाथ मारतो. डोळे मिटले तरी आवाज डोळ्यांतून आत येतो.

अशा जागी डुलकी! काय झोप असेल त्या पोरीची. मेलेलं माणूस उठून बसेल तिथे.

बाहेर ओढायला दोघे लागले. संध्याकाळी ज्युडिथचा फोन आला, तिला म्हटलं, आवाज येत नाही, नंतर बोल.

२९ मार्च, शनिवार

ईस्टर. ग्रॅहमच्या बायकोने गरम बन पाठवले. आज फक्त सराव, कारण ग्रॅहम अजून रिवेट बिघडवतो. दोन प्रकारच्या चुका त्याला समजावून सांगितल्या. त्याच्या वहीत लिहून दिल्या, इथेही लिहिते, हात जुना झाला तरी डोकं शाबूत आहे याची खूण म्हणून.

एक: आतल्याने ठोकळा धरलाच नाही किंवा निसटला, तर रिवेट चेपतच नाही. टोक जसंच्या तसं राहतं, रिवेट भोकात खुळखुळते, पत्रा आत दबतो. चूक आतल्याची.

दोन: ठोकळा घट्ट आहे, पण बाहेरचा थांबतच नाही. मग टोक चेपून सपाट होतं, कडेला तडे जातात, आणि बंदूक कलली तर पत्र्यावर नखाच्या खुणा उमटतात. चूक बाहेरच्याची.

ग्रॅहमच्या सगळ्या दुसऱ्या प्रकारच्या. मी म्हटलं, "अरे, मी आतून तीन-तीनदा ठोकतेय. ऐकत का नाहीस?"

तो ओशाळला. "मनात दुसरंच चाललं होतं. ऐकूच आलं नाही."

"बाहेर असताना मनात दुसरं काही ठेवायचं नाही," मी म्हटलं.

बन छान होते. मनुका भरपूर.

६ एप्रिल, रविवार

ज्युडिथ आली होती. गुडघ्यावरची निळी-काळी खूण पाहून घर डोक्यावर घेतलं. "आई, तू पासष्ट वर्षांची आहेस! एका भंगाराच्या आत सरपटत जातेस?"

"भंगार नाही म्हणायचं."

"मग काय म्हणायचं?"

मी गुडघ्यावर झगा ओढला. ती म्हणाली, "मला कधी सांगितलंसुद्धा नाहीस की तुला हे असलं काही येतं." मग थोड्या वेळाने, "मामाही अशाच विमानात होता ना? एवढंच मला माहीत आहे. त्याचा फोटोदेखील आजीच्या घरीच पाहिला."

मी चहा ठेवायला उठले.

आठवडाभर मन उगाच अस्वस्थ आहे. काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. दोनदा जाऊन गॅस बंद आहे का पाहिलं.

१० एप्रिल, गुरुवार

दुपारी मटार सोलत होते. शेंग दाबली, दाणा चेपला, सपाट झाला.

ठोकळा मागे होता.

शेहेचाळीसच्या शेहेचाळीस वेळा होता. नाहीतर त्या सपाट झाल्याच नसत्या.

मटार तसेच टाकले आहेत. आज जास्त लिहिता येत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

तिने टकटक केली असणार. तीनदा. प्रत्येक रिवेटला तीनदा. मी ऐकली नाही.

आणि मिस्टर पर्व्हिसनासुद्धा कळलं असणार. बत्तीस वर्षं पत्र्यात काढलेला माणूस. ते ग्रॅहमच्या वहीतली दोन वाक्यं माझ्या आधी शिकले होते. गप्प का झाले होते ते आज कळलं. त्यांनी एकदा कोरलकडे पाहिलं होतं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं होतं, ते माझी कीव करतायत की अशी जोडीदार मिळाली.

बेचाळीस कार्डं. 'थेल्मा', 'थेल्मा', 'थेल्मा'.

१४ एप्रिल, सोमवार

पत्र लिहायला चार वेळा बसले. शेवटी नाताळच्या कार्डाच्या पाकिटावरचं नाव-पत्ता सांगून टेलिफोन चौकशीतून नंबर मिळवला. फोन कोरलच्या सुनेने उचलला. म्हणाली, "आईंशी फोनवर बोलता नाही येणार. त्यांना काही ऐकू येत नाही. दोन्ही कान गेलेत, साठ सालापासून. कारखान्यातल्या आवाजाने गेले असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं. मग ती म्हणाली, "अहो, तुम्हीच का त्या! या ना. शनिवारी या. मी त्यांना लिहून दाखवते."

म्हणजे त्या घरात माझं नाव माहीत आहे.

१९ एप्रिल, शनिवार

बॅलरॅटहून आत्ताच आले. चहा समोर आहे, अंगात अजून गारठा.

दार कोरलनेच उघडलं. अजून चिमणीच, आता पांढऱ्या पिसांची. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "जाडी झालीस!" आवाज मोठा, बहिऱ्या माणसाचा असतो तसा. शेजारच्यांनीही ऐकलं असेल.

मी पाठ केलेलं सगळं विसरले. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. ती ओठ वाचते, पण मी रडत होते, ओठ कुठले वाचणार. तिने पाटी पुढे सरकवली, मुलांची असते तसली, खडूसकट. मी लिहिलं: 'तुला डुलकी लागली नव्हती.'

तिने वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुला आत्ता कळलं?" ती म्हणाली. "अगं बाई. मला वाटलं, तुला माहीत आहे आणि लाज वाटते म्हणून कार्डावर नुसतं नाव लिहितेस."

मी लिहिलं: 'का केलंस?'

"डॉटने सकाळी सांगितलं होतं, तुमच्या दारात तार आली म्हणून. आणि तू मला फाटकाशी काय म्हणालीस आठवतं? 'आज हवा छान आहे.' तू कधी हवेबद्दल बोलायचीस गं? मी समजले. तीनदा ठोकलं, तू थांबेनास. पुन्हा ठोकलं. ठोकळा काढून घेतला असता तर तू पत्रा फाडून आत आली असतीस. मग धरून ठेवला."

'बाहेर का नाही आलीस?' मी लिहिलं.

तिने पाटी पुसली. "सरपटत बाहेर यायला पाच मिनिटं लागायची. आणि बाहेर येऊन तुझं तोंड बघायचं धाडस नव्हतं मला. आत बरं होतं. निदान तुझ्या बंदुकीला धरून तरी बसले होते." मग म्हणाली, "पर्व्हिसने तुला घरी पाठवलं असतं. दिवसभर आईसमोर बसली असतीस. तुझी आई मला माहीत होती."

मी लिहिलं, माझ्यामुळे तुझं जोडणीचं काम गेलं, तू गाव सोडलंस.

ती हसायला लागली. "एवढा मोठेपणा घेऊ नकोस. झाडू मारायचा कंटाळा आला म्हणून इथे आले आणि पंधरा दिवसांत लेन भेटला. चार मुलं झाली. तू मध्ये आली नसतीस तर अजून त्या नळकांड्यात पडून राहिले असते." मग हसू थांबलं. "पण फाटकावर मी तुझी वाट बघितली होती हं, थेल. बराच वेळ. ते मला लागलं. ते अजून लागतं."

मी 'माफ कर' लिहायला खडू उचलला. तिने पाटी काढून घेतली. "ते तोंडाने म्हण. मला वाचता येतं."

मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "केक आण, आता ही थांबणार आहे."

निघताना ग्रॅहमच्या शेपटाबद्दल सांगितलं. तिचे डोळे असे चमकले की मला एकोणीसशे बेचाळीस दिसलं.

२६ एप्रिल, शनिवार

काल अ‍ॅन्झॅक डे, लढाईत गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. दर वर्षी मी त्या दिवशी पडदे ओढून घरात बसते. काल पडदे उघडे ठेवले, एवढंच.

आज कोरल सकाळच्या गाडीने बॅकस मार्शला आली. निळा कामाचा पोशाख घालून, नातवाचा, पाय दुमडलेले. नॉर्म म्हणाला, "ही तर खिशात मावेल." तिने त्याचे ओठ वाचले आणि त्याच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमच्या खिशात आधीच कुणीतरी आहे."

मग आत गेली. पाय आधी. त्रेसष्ट वर्षांची बाई, सापासारखी. ग्रॅहमने बंदूक माझ्या हातात दिली. मी ती पत्र्याला सरळ टेकवली. पहिल्या रिवेटला आतून एकदा. अजून थोडं. मग दोनदा, नाचरी. मी ऐकलं. प्रत्येक वेळी थांबले, ऐकलं, मगच पुढे. तिला काहीच ऐकू येत नसताना ती हाताने सगळं सांगत होती. दोन तासांत सांधा पुरा झाला. ग्रॅहमने अंगठा फिरवला आणि टोपी काढली. दोन्ही तुकडे एक झाले, शेपूट आता शेपटासारखं दिसतं.

दुपारी तिला स्टेशनवर सोडायला गेले. बॅलरॅटच्या गाडीला वीस मिनिटं होती. बाकावर बसलो, ऊन होतं. शेजारी टोपलीवाली बाई, पलीकडे पेपर वाचणारा माणूस, दोन बायका मुलांसकट.

कोरल म्हणाली, "रॉय कसा होता गं? दोन वर्षं नुसतं त्याचं नाव ऐकलं. मला भेटायला आणणार होतीस, राहूनच गेलं."

मी हळू आवाजात म्हटलं, "चांगला होता."

"काय?"

"चांगला होता!"

"ते काय सगळेच असतात मेल्यावर. नीट सांग. आणि इकडे तोंड करून, मोठ्याने."

आईच्या घरात त्याच्याबद्दल 'होता' म्हणायची बंदी होती. आणि आता मी बॅकस मार्शच्या फलाटावर ओरडून सांगत होते. तो उंचीला घाबरायचा! चर्चच्या शिडीवर अर्ध्यात अडकून रडला होता, तेरा वर्षांचा घोडा! त्याला पोहता येत नव्हतं! जॅम चमच्याने खायचा आणि आईने विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचा! गाणं म्हणायला लागला की कुत्रा उठून बाहेर जायचा! कोरल हसत होती, मीही. टोपलीवाली आमच्याकडे बघत होती, मग तीही हसली. मुलं खेळायची थांबली. पेपरवाल्याने पेपर खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. मी एवढ्या मोठ्याने आयुष्यात कधी बोलले नव्हते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायलाही वेळ नव्हता, कारण कोरल म्हणत होती, "मग? मग पुढे?"

"मग तो भरती झाला! मला न सांगता! मी त्याला छत्रीने मारलं!"

"त्याला उंचीची भीती, आणि विमानात?"

"तेच तर मी विचारलं त्याला!"

"काय म्हणाला?"

गाडी आली. दारं उघडली, माणसं चढली, टोपलीवाली रेंगाळत रेंगाळत शेवटी चढली. कोरल उठली नाही. माझ्या ओठांवरून तिची नजर हलली नाही. गार्ड शिट्टी हातात धरून आमच्याजवळ आला. "येताय ना, आजी?"

तिला ते दिसलंच नाही. मीच त्याच्याकडे वळले. आवाज खाली आणायचं विसरले होते.

"पुढच्या गाडीने येईल ती," मी म्हटलं. "आमचं अजून एकेचाळीस सालच चाललंय."